झूम टॉर्च : भिंगामागचं गणित आणि घरच्या घरी सुधारणा

उसाला पाणी पाजायची पाळी रात्रीची असली की कबनूर-इचलकरंजी भागातला शेतकरी टॉर्च घेतल्याशिवाय बांधावर पाऊल ठेवत नाही. (बोलताना आपण त्याला 'बॅटरी' म्हणतो, इथे गोंधळ नको म्हणून टॉर्च आणि सेल हे शब्द वापरू.) पुढचं तोंड ओढलं की झोत लांब जाणारा झूम टॉर्च स्वस्तात मिळतो. तो घ्यावा का, आणि सुधारता येतो का, ते पाहू.

भिंग असं का?

साध्या गोलीय भिंगात कडेचे किरण मधल्या किरणांपेक्षा अलीकडे एकत्र येतात. जाड, कमी नाभीय अंतराच्या भिंगात हा दोष फार वाढतो. म्हणून अ‍ॅस्फेरिक भिंगात वक्रता कडेकडे कमी करत नेतात. एलईडी नाभीवर आला की किरण जवळजवळ समांतर निघतात आणि भिंतीवर चौकोन उमटतो. तो चौकोन म्हणजे एलईडीच्या चिपची प्रतिमा.

प्रकाश वाढतो की घटतो?

झूम केल्यावर प्रकाश वाढला असं वाटतं. प्रत्यक्षात उलटं घडतं. एलईडीपासून भिंगाच्या कडेपर्यंतचा अर्धकोन थीटा धरला, तर भिंगात शिरणारा वाटा साधारण (साइन थीटा)² असतो. समजा भिंगाचा व्यास २० मिमी आहे. एलईडी ४ मिमीवर असताना थीटा ६८ अंश, म्हणजे सुमारे ८६ टक्के प्रकाश भिंगात जातो. तोंड ओढून अंतर १५ मिमी केलं की थीटा ३४ अंश आणि वाटा फक्त ३१ टक्के! बाकीचा टॉर्चच्या आतल्या भिंतीवरच वाया जातो. १ मिमीची चिप असेल तर ३० मीटरवर २ मीटरचा चौकोन पडतो. त्याच्या बाहेर मिट्ट काळोख.

निवडताना

झोताची तीव्रता चिपची दीप्ती आणि भिंगाचं क्षेत्रफळ यांच्या गुणाकारावर ठरते. म्हणून लांबचं बघायला मोठं भिंग आणि लहान पण प्रखर चिप हवी. मोठी चिप त्याच करंटवर ठिपका मोठा करते, पल्ला कमी करते. 'टी-६' हा एलईडीचा प्रकार नसून उजेडाची प्रतवारी आहे, तेव्हा नुसत्या त्या अक्षरांवर भुलू नका. १८६५० सेलवर '९९०० एमएएच' छापलं असेल तर सरळ परत ठेवा. नामांकित कंपन्यांचे चांगले सेल ३५०० च्या आसपास असतात.

सुधारणा

१) टॉर्च उघडून बघा. एलईडीची पट्टी बऱ्याचदा पोकळ वाटीच्या नुसत्या कडेवर टेकलेली असते. उष्णतेला वाट नसल्यामुळे उजेड उतरतो आणि एलईडीचं आयुष्यही घटतं. खाली तांब्याची किंवा अ‍ॅल्युमिनियमची चकती बसवा, दोन्ही बाजूंना थर्मल पेस्टचा पातळ थर द्या.

२) चकतीमुळे एलईडी १ मिमी पुढे आला तर भिंगही तेवढंच पुढे जायला हवं. तोंड पूर्ण ओढूनही चौकोन अस्पष्ट राहिला तर चकती घासून पातळ करा.

३) एलईडी बरोबर मध्यावर आहे ना, ते भिंतीवर तपासा.

४) ड्रायव्हरचा करंट वाढवायचा मोह टाळा. आधी उष्णतेची सोय, मग बाकीचं. आणि चालू टॉर्चमध्ये कधीच बघू नका.

एक मर्यादा मात्र राहतेच. तोंड मागेपुढे करताना हवा आत-बाहेर होते, तिच्याबरोबर पाणीही शिरू शकतं. जुलैच्या पावसात बंद तोंडाचा, रिफ्लेक्टरचा टॉर्चच बरा.

घरच्यांना एवढं नक्की सांगा : मोटारीचा खांब किंवा सरीचं टोक बघायला झूम ओढा, पण चालताना तोंड आत ढकलून रुंद उजेड पायापुढे ठेवा. घोणस किंवा मण्यार असते ती दोन पावलांवर, आणि लांबच्या चौकोनात ती दिसत नाही. वर्कशॉपच्या लेथवर चकती काढायला फार वेळ लागत नाही. येत्या सुट्टीत घरचा टॉर्च घेऊन या.