घोंगडीची पारख

ज्येष्ठ महिना सरत आला होता. सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढ्याच्या बाजारात एक वृद्ध मेंढपाळ आपल्या नातवासह फिरत होता. येत्या पावसाळ्यात नातू सुटीच्या दिवशी प्रथमच कळपाबरोबर रानात मुक्काम करणार होता. त्याच्यासाठी पांघरूण घ्यावयाचे होते. एका दुकानात मुलाची दृष्टी सोलापुरी चादरीवर खिळली. लाल-हिरवा रंग, त्यात विणलेले मोर आणि हाताला लागणारा मऊपणा! शेजारीच काळ्या घोंगड्यांची चळत होती. पण त्यांवर हात फिरवताच बोटांना टोचले.

“आबा, ही चादरच घेऊ या ना,” मुलगा म्हणाला.

आबा हसले. त्यांनी तांब्याभर पाणी मागून घेतले. आपल्या सुती धोतराच्या सोग्यावर त्यांनी चार थेंब शिंपडले. सोगा तत्काळ भिजला. मग त्यांनी खांद्यावरील जुन्या घोंगडीवर तसेच चार थेंब टाकले. ते मोत्यांसारखे वरच्या वर राहिले आणि घोंगडी झटकताच गळून पडले.

“चादर सुताची, बाळा. ती घरात पांघरावी. रानात पाऊस गाठील, तेव्हा ही काळीच तुला सांभाळील.”

यात चादरीचा कमीपणा नाही. सोलापुरी चादरीची कीर्ती दूरवर पसरली आहे. २००५-०६ या वर्षात तिला भौगोलिक उपदर्शनाची नोंदणीही लाभली. परंतु प्रत्येक वस्त्राचे काम निराळे असते. सोलापूर जिल्ह्यात पाऊस बेताचा पडतो आणि त्यातला मोठा वाटा सप्टेंबर महिन्यात येतो. अशा वेळी उघड्या माळावर रात्रभर पाऊस झोडपू लागला आणि त्यातच वारा सुटला, म्हणजे बर्फ नसतानाही माणूस काकडून जातो.

याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. कोरडे वस्त्र आपल्याला ऊब देते, ते मुख्यतः धाग्यांमध्ये अडकलेल्या हवेमुळे. हवा उष्णतेला सहजासहजी वाट देत नाही. पाणी मात्र हवेच्या सुमारे २५ पट अधिक उष्णता वाहून नेते. सुती कापड भिजले की त्यातील हवेची जागा पाणी घेते. कापड अंगाला चिकटते आणि शरीराची उष्णता शोषली जाते. लोकरीचे तसे नाही. तिचा तंतू कुरळा असतो, म्हणून ओली झाली तरी ती सपाट होत नाही व तिच्यात हवा राहते. तंतूवरील नैसर्गिक स्निग्धांश काही वेळ पाणी थोपवून धरतो. इतकेच नव्हे, तर आपल्या वजनाच्या जवळजवळ ३० टक्के ओलावा शोषूनही लोकर हाताला फारशी ओली लागत नाही.

ही लोकर दख्खनी मेंढीची. ही मेंढी बहुधा काळी असते. कोरड्या माळावरच्या चाऱ्यावर ती गुजराण करते. साधारणतः वर्षातून दोनदा तिची लोकर कातरतात. ती पिंजून चरखा अथवा चाती यांवर तिचे सूत काढतात. उभ्या धाग्यांना चिंचोक्याची खळ देतात, म्हणजे ते विणताना तुटत नाहीत. मग सनगर समाजाचे कारागीर खड्ड्याच्या मागावर बसून घोंगडी विणतात.

आता आबांनी निवड कशी केली, ते पाहा. प्रथम त्यांनी घोंगडी उजेडाकडे धरली. वीण विरळ असल्यास वारा आत शिरतो. मग काठाचा एक सुटा धागा मागून घेऊन तो जाळून पाहिला. अस्सल लोकर जळताना केस जळल्यासारखा वास येतो आणि तिची राख बोटांनी चुरडली जाते. कृत्रिम धागा वितळून त्याची कठीण गाठ होते. शेवटी त्यांनी घोंगडीची खोळ करून ती नातवाच्या डोक्यावर घातली. डोके, पाठ आणि छातीवर घेतलेले दोन्ही हात आत झाकले जातात की नाही, हे त्यांनी निरखून पाहिले.

हातांकडे त्यांनी विशेष लक्ष दिले, ते योग्यच होते. थंडी वाढली की शरीर हृदय, फुप्फुसे आदी मुख्य अवयवांची ऊब राखण्यासाठी हातापायांकडील रक्तपुरवठा कमी करते. त्यामुळे बोटे प्रथम बधिर होतात. मग साधी गाठही सोडवता येत नाही. १९५० साली मोरिस हर्झॉग हा फ्रेंच गिर्यारोहक अन्नपूर्णा शिखरावर पोहोचला. पण उतरताना त्याचे हातमोजे निसटून उतारावरून घरंगळत गेले. त्या एका चुकीपायी हिमदंश होऊन त्याला हातांची बोटे गमवावी लागली.

थंड देशांतील शिकारी आणि कोळी यांना हात घोंगडीत लपवून चालत नाही. हातांनी काम करावेच लागते. म्हणून त्यांनी हातमोज्यांचा आश्रय घेतला. आइसलंडचे कोळी समुद्रावर लोकरीचेच मोजे वापरीत. त्यांत चारही बोटे एकत्र राहत, कारण बोटे एकमेकांना ऊब देतात. विशेष म्हणजे, त्या मोज्यांना दोन अंगठे असत! दोरी ओढून तळव्याची बाजू झिजली की मोजा उलट फिरवून घालता येई. हजारो मैल दूर असलेल्या त्या कोळ्याने आणि आपल्या माळावरील मेंढपाळाने ओल्या थंडीवर एकच उपाय शोधला, तो म्हणजे लोकर.

घोंगडीतही दोष आहेत. पावसात फार वेळ राहिल्यास ती अखेर पाणी पिते, जड होते आणि वाळायला दिवसच्या दिवस घेते. रखडलेल्या कामाला ‘भिजत घोंगडे’ म्हणतात, ते उगीच नव्हे! म्हणून आज पुष्कळ मेंढपाळ घोंगडीवर प्लास्टिकचा कागद घेतात. नुसता कागद पाऊस अडवतो, पण ऊब देत नाही. आत लोकर आणि बाहेर पाणी अडवणारे आवरण, ही जोडी मात्र उत्तम ठरते. चांगले हातमोजेही याच रीतीने बनवतात.

आज या घोंगडीवरच कठीण प्रसंग आला आहे. जाड्याभरड्या लोकरीला पुष्कळदा कातरणीची मजुरी निघण्याइतकाही भाव येत नाही, म्हणून ती फेकून दिली जाते. मागावर बसणारे हातही कमी होत आहेत. मंगळवेढे तालुक्यातील हुलजंती येथे दिवाळीच्या यात्रेत महालिंगरायाच्या पालखीवर भंडाऱ्याबरोबर लोकरही उधळतात. जी वस्तू देवाला वाहिली जाते, तिला बाजारात मोल नसावे, ही खेदाची गोष्ट होय.

भाद्रपदातील एका रात्री त्या मुलाला पावसाने माळावर गाठले. त्याच रात्री एक मेंढी व्याली. थरथरणारे ओले कोकरू त्याने उचलून छातीशी घेतले आणि वरून खोळ ओढून घेतली. पहाटे पाऊस थांबला तेव्हा घोंगडी बाहेरून निथळत होती. आत मुलगा आणि कोकरू दोघेही उबेत निजले होते. आबांनी कोकराच्या कानाला हात लावून पाहिला. तो ऊन होता.

“आता टोचते का रे घोंगडी?” त्यांनी विचारले.

मुलाने हसून मान हलवली आणि घोंगडी वाऱ्यावर पसरली.

शब्दार्थ
चळत – एकावर एक रचलेला ढीग. सोगा – धोतराचे टोक. काकडणे – थंडीने गारठणे. चाती – सूत कातण्याचे साधन. खोळ – डोके व पाठ झाकेल अशी घोंगडीची घडी.

अभ्यास
१. आबांनी घोंगडीची पारख कोणकोणत्या प्रकारे केली?
२. भिजल्यावर सूत आणि लोकर यांत कोणता फरक पडतो? तो का पडतो?
३. आइसलंडच्या हातमोज्यांना दोन अंगठे कशासाठी असत?
४. ‘भिजत घोंगडे ठेवणे’ हा वाक्प्रचार आपल्या वाक्यात योजा.