पंचाहत्तर सेंटांचा हिशेब

संगणकांचे रक्षण संगणकांनीच करावे, त्यात मनुष्याच्या विचाराला काय वाव, असा समज अलीकडे बळावत चालला आहे. तो कितपत खरा आहे, हे घडलेल्या एका हकीकतीवरून पाहू.

१९८६ साली अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात, लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळेत क्लिफर्ड स्टोल हे खगोलशास्त्रज्ञ संगणकांची व्यवस्था पाहत होते. संगणक जितका वेळ वापरावा तितका आकार तेथे द्यावा लागे. एकदा ह्या हिशेबात ७५ सेंटांचा फरक आला. इतक्या क्षुल्लक रकमेकडे पुष्कळांनी काणाडोळा केला असता; स्टोल यांनी मात्र 'फरक का पडला?' हा प्रश्न सोडला नाही. शोधांती आढळले की, कोणी परका इसम प्रयोगशाळेच्या संगणकात शिरून तेथून लष्करी संगणकांची दारे चाचपीत आहे.

स्टोल यांनी त्याला लगेच हाकलले नाही. छपाईयंत्रे जोडून त्याची प्रत्येक आज्ञा त्यांनी कागदावर उतरवून घेतली. तो संरक्षणविषयक शब्द शोधतो, ह्यावरून त्याचा हेतू ताडला. परंतु टेलिफोनच्या तारेचा माग लागण्यापूर्वीच तो निघून जाई. तेव्हा स्टोल यांनी गुप्त भासणारी, लांबलचक, परंतु सर्वस्वी बनावट कागदपत्रे संगणकात ठेवली. चोर त्यांत गुंतला आणि माग पश्चिम जर्मनीतील हॅनोव्हर शहरी पोहोचला. चोरलेली माहिती सोव्हिएत हेरखात्यास विकली जात होती. १९९० साली जर्मन न्यायालयाने त्याला व त्याच्या साथीदारांना दोषी ठरविले.

फरक यंत्राने दाखविला; त्याचा अर्थ मनुष्याने लावला. आज यंत्रे क्षणात लक्षावधी नोंदी तपासतात आणि त्यांवाचून रक्षकांचे चालणार नाही. तरीही २०२४ साली आंद्रेस फ्रॉइंड ह्या अभियंत्याला संगणकात प्रवेश करताना सुमारे अर्ध्या सेकंदाचा विलंब खटकला, म्हणूनच 'एक्सझेड' नामक सॉफ्टवेअरमध्ये मुद्दाम ठेवलेले चोरदार सर्वत्र पसरण्यापूर्वी उघडकीस आले.

विद्यार्थिमित्रांनो, चोरही विचार करतो, आणि पुष्कळदा कुलूप न फोडता आपल्याच हातून ते उघडवून घेतो. घरी कोणी दूरध्वनीवरून ओटीपी मागितला, अथवा 'डिजिटल अटक' झाल्याचा धाक घातला, तर क्षणभर थांबून 'हे असे का?' एवढे विचारावे. अशी अटक आपल्या कायद्यात नाहीच. फसवणूक झालीच, तर तत्काळ १९३० ह्या क्रमांकावर कळवावे. घरातील वडीलधाऱ्यांची आयुष्यभराची पुंजी ह्या एका प्रश्नाने वाचू शकते, असे आम्हांस वाटते.