पादचारी कुठे वाचतो, कुठे दगावतो?

माणमधल्या एक आजी शेतावरून घरी येत होत्या. घर रस्त्याच्या अलीकडे, शेत पलीकडे. पन्नास वर्षे त्यांनी तोच रस्ता ओलांडला होता. एका संध्याकाळी खडीच्या डंपरची धडक बसली आणि माझ्या दवाखान्यात आणेपर्यंत सारे संपले होते. त्याच आठवड्यात पुण्याच्या पेठेतले माझे एक जुने पेशंट रिक्षाचा धक्का लागून पडले. मनगटाला प्लॅस्टर घातले आणि दीड महिन्यात ते पुन्हा मंडईत जाऊ लागले. दोघेही पायीच चालत होते. मग हा फरक का?

२०२२ साली भारतातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे दगावली. त्यांत ३२,८२५ पादचारी होते, म्हणजे साधारण पाचांत एक. पण हे मृत्यू सगळीकडे सारखे होत नाहीत. त्याची कारणे पाहू.

पहिले कारण वेग. वेग दुप्पट झाला की धडकेचा जोर चौपट होतो. पेठेत गर्दी असते, पण वाहने मुंगीच्या पावलांनी चालतात. महामार्गावर ताशी ६० किलोमीटरने येणारी गाडी सेकंदाला सोळा-सतरा मीटर कापते. चालकाचा पाय ब्रेकवर जाईपर्यंत माणूस चाकाखाली आलेला असतो.

दुसरे कारण वाहन. मोटारीच्या धडकेत आधी नडगी मोडते, मग डोके काचेवर आपटते. ट्रक, कंटेनर किंवा डंपरचे तोंड उभे आणि सपाट. छाती आणि डोक्यावर एकदमच आघात होतो. चाकण आणि हिंजवडी-माण पट्ट्यात अशी वाहने रात्रंदिवस धावतात.

तिसरे कारण रस्ता. पुणे-नाशिक रस्ता हा महामार्ग आहे आणि चाकणकरांची गल्लीही तोच. शिफ्ट सुटल्यावर कामगार अंधारात तो ओलांडतात. जिथे पदपथ नाही, दिवा नाही, तिथे चूक कोणाचीही असो, जीव पायी चालणाऱ्याचाच जातो.

चौथे कारण वेळ. डोक्यात किंवा पोटात रक्तस्राव होत असेल, तर पहिला तास मोलाचा. मोठे रुग्णालय दूर आणि रस्त्यात वाहतुकीची कोंडी, म्हणजे तो तास वाटेतच जातो.

आकडे वाचताना एक लक्षात ठेवा. जिथे लोक भीतीने चालणेच सोडतात, तिथेही पादचाऱ्यांचे मृत्यू कमी दिसतात. म्हणून तो रस्ता चांगला ठरत नाही.

आपण काय करावे? पदपथ नसेल तर उजव्या कडेने, समोरून येणारी वाहने दिसतील असे चाला. रात्री फिकट रंगाचे कपडे घाला, हातात बॅटरी ठेवा. अपघात दिसला तर १०८ क्रमांकावर फोन करा. वाहणाऱ्या रक्तावर स्वच्छ कापड दाबून धरा. जखमीची मान वाकवू नका, त्याला पाणी पाजू नका. मदत करणाऱ्याला २०१९ च्या मोटार वाहन कायद्यातील दुरुस्तीने संरक्षण दिले आहे. पोलिसांच्या भीतीने पाठ फिरवू नका.

आणि ग्रामसभेत पदपथ, दिवे आणि गतिरोधक मागा. वापरण्याजोगा पदपथ हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये म्हटले आहे. त्या आजींना औषधाची गरज नव्हती. त्यांना रस्ता ओलांडायला सुरक्षित जागा हवी होती.