मोहाखाली रोप दिसतंय का?

रोहिणी नक्षत्र लागलं की नंदुरबारच्या कोरीट परिसरात कापूस-मिरचीच्या बियाण्याची लगबग सुरू होते. ज्यांच्या घरी वनपट्टा आहे किंवा बांधावर जुना मोह उभा आहे, त्या बहिणींनी या लगबगीतून एक सकाळ काढावी आणि मोहाखाली जाऊन पाहावं: हातभर उंचीचं एखादं रोप दिसतं का? बहुतेक ठिकाणी दिसत नाही. झाडं आहेत ती आजेसासूच्या काळातली. मार्च-एप्रिलमध्ये फुलं वेचायला सोपं जावं म्हणून पाचोळा पेटवला जातो आणि त्यात कोवळी रोपं जळतात. वाचलेली शेळ्या खातात. उरलेल्या बिया तेलासाठी जातात. मग नवा मोह येणार कुठून?

म्हणून यंदा सगळ्या बिया तेलाला देऊ नका. भरपूर फुलणाऱ्या, निरोगी झाडाची पिकून पडलेली फळं निवडा. गर काढून बिया धुवा, सावलीत कोरड्या करा आणि लगेच लावा. मोहाची बी साठवणीत टिकत नाही. काही आठवड्यांतच तिची उगवणशक्ती झपाट्याने घटते. माती, वाळू आणि कुजलेलं शेणखत भरलेल्या पिशवीत दोन सेंटिमीटर खोल बी टाका. उंदीर उकरणार नाहीत अशा जागी पिशव्या ठेवा. मोहाचं सोटमूळ लवकर खोल जातं, त्यामुळे पिशवी उंच हवी आणि रोप हलवताना मूळ तुटता कामा नये. यंदा तयार झालेलं रोप पुढच्या पावसाळ्यात लावलं तर जास्त तग धरतं. त्यासाठी दीड-दोन फुटांचे खड्डे उन्हाळ्यातच खणून तापू द्या. दोन झाडांत किमान आठ मीटर अंतर ठेवा. बियांपासूनच्या मोहाला फुलं यायला दहा वर्षांच्या आसपास लागतात. म्हणून दरवर्षी थोडी थोडी रोपं लावत राहणं हाच खरा मार्ग आहे.

उताराच्या पट्ट्यात मृगाआधी समतल चर काढून घ्या; उताराच्या दिशेने खणलेला चर पाणी अडवण्याऐवजी माती वाहून नेतो. बांबू असेल तर पावसाळ्यात बेटाला कोयता लावू नका, कोंब फुटण्याचे हेच दिवस. तोड दिवाळीनंतर, तीही तीन वर्षांपुढच्या काठ्यांची.

रोपं शेळ्यांपासून वाचवायला चराईबंदी हवी, पण ती एका घराने पाळून भागत नाही. शेजारच्या धुळे जिल्ह्यातील बारीपाड्याने गावाचे नियम ठरवून जंगल परत उभं केलं. तिथल्या वनभाज्यांच्या पाककला स्पर्धेत बायका जंगलातल्या भाज्या रांधून आणतात. कोणती भाजी कुठे उगवते, हे ज्या जाणतात, त्यांचा शब्द चराईच्या नियमातही चालला पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

आता कागद. 2006 च्या वनहक्क कायद्यातील कलम 4(4) नुसार विवाहित कुटुंबाचा वनपट्टा पती-पत्नी दोघांच्या नावावर संयुक्त असायला हवा. एकटी स्त्री कुटुंबप्रमुख असेल तर तो तिच्या नावावर. हा हक्क विकता येत नाही, वारसाने पुढे जातो. पेटीतलं प्रमाणपत्र काढा आणि आपलं नाव स्वतः वाचून पाहा किंवा शिकलेल्या लेकीकडून वाचून घ्या. सातबाऱ्यावरची नोंदही तपासा. नाव सुटलं असेल तर दुरुस्तीचा लेखी अर्ज वनहक्क समितीकडे आणि तहसील कार्यालयात द्या. पोच घेतल्याशिवाय परतू नका. समितीत किमान एक-तृतीयांश महिला असाव्यात असा नियम आहे. आपल्या गावच्या समितीत त्या कोण, हे विचारून घ्या.

रोपवाटिकेच्या अडचणींसाठी कोळदे येथील कृषी विज्ञान केंद्रात विचारा. आणि पाचोळा न जाळता मोहाखाली जुन्या साड्या किंवा जाळी अंथरून फुलं गोळा करण्याचा ठराव 15 ऑगस्टच्या ग्रामसभेतच मांडा, म्हणजे पुढच्या फुलांच्या हंगामाआधी गावाला तयारीला वेळ मिळेल.