हलकी नळी आणि एक किलोचा दाब

स्ट्रेंग्थ ऑफ मटेरियल्समध्ये आपण सगळेच कॅन्टिलिव्हर बीम शिकतो, परीक्षेत त्याची गणितं सोडवतो आणि विसरून जातो. हा बीम प्रत्यक्षात कुठे भेटतो असं विचारलं, तर बाल्कनीच्या पुढे आपली गाडी जात नाही. म्हणून या लेखासाठी मी जरा वेगळं उदाहरण निवडलंय : अमेरिकेतल्या जुन्या, हलक्या नळीच्या शिकारी रायफली आणि त्यांचा नेम सुधारण्याचे उपाय. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं, त्यामुळे मध्ये मध्ये इंग्रजी शब्द डोकावतील, तेवढं सांभाळून घ्या.

एक गोष्ट आधीच सांगतो. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे शिकारीला बंदी आहे आणि रायफलला परवाना लागतो. माझा स्वतःचा अनुभव एनसीसीत पालथं पडून .२२ च्या चार गोळ्या झाडण्याएवढाच. इथे आपल्याला इंटरेस्ट आहे तो मेकॅनिक्समध्ये.

नळी हलकी का केली?

विंचेस्टर कंपनीने मॉडेल ७० ही रायफल १९३६ साली बाजारात आणली आणि १९५२ मध्ये तिची ‘फेदरवेट’ आवृत्ती काढली. २२ इंची बारीक नळी, वजन सुमारे ३ किलो. डोंगरात दिवसभर खांद्यावर वागवायची आणि झाडायची एखादीच गोळी, अशा माणसासाठी हे सोयीचं. पण ती एक गोळी चुकली तर जनावर जखमी होऊन पळतं आणि कुठेतरी तडफडत मरतं. म्हणून तिकडचे जबाबदार शिकारी अचूकतेला शौक न मानता कर्तव्य मानतात.

आता हिशोब करू. सोपं जावं म्हणून नळी सगळीकडे सारख्या जाडीची धरू (खरी नळी तोंडाकडे निमुळती असते). आतलं भोक ७.८ मिमी. एका नळीचा बाहेरचा व्यास २२ मिमी, दुसरीचा १५ मिमी. वजन व्यासाच्या वर्गावर अवलंबून, पण ताठपणा चौथ्या घातावर. त्यामुळे बारीक नळीचं वजन जाड नळीच्या ३९ टक्के उरतं, ताठपणा मात्र जेमतेम २० टक्के. वजनात जेवढं कमावलं त्यापेक्षा जास्त ताठपणात गमावलं.

शत्रू पहिला : लाकूड

पावसाळ्यात हॉस्टेलच्या खोलीचं दार फुगतं आणि लाथ मारल्याशिवाय लागत नाही, हे आपण जाणतोच. जुन्या रायफलचा दस्ता अक्रोडाच्या लाकडाचा असतो. तोही दमट हवेत फुगतो, वाकतो आणि नळीला खालून किंवा बाजूने रेटतो.

किती फरक पडेल? आपली १५ मिमीची नळी घ्या. तिच्या बुडापासून २५ सेंमीवर लाकडाने फक्त एक किलोचा दाब दिला, तर नळीचं तोंड ०.०००६८ रेडियनने वळतं. आकडा क्षुल्लक वाटतो, पण १०० मीटरवर तो ६८ मिमी होतो! जाड नळीत तोच दाब १४ मिमीवर भागतो. पावसात भिजलेल्या रायफलचा नेम सरकतो तो असा.

उपाय दोन. पहिला, दस्ता आतून-बाहेरून नीट सील करायचा. दुसरा म्हणजे बेडिंग : रायफलचा मधला धातूचा भाग लाकडात इपॉक्सीच्या साच्यात बसवायचा, म्हणजे तो प्रत्येक झटक्यानंतर त्याच जागी येतो. मग पुढे नळीभोवती फट ठेवतात. कागदाची पट्टी नळीखालून अडखळल्याशिवाय सरकली पाहिजे, ही साधी टेस्ट. गंमत म्हणजे काही बारीक नळ्या अशा मोकळ्या सोडल्यावर उलट बिघडतात. त्यांना दस्त्याच्या टोकाशी ठरावीक दाब दिला की त्या सुधारतात. म्हणून फट कायमची कोरण्याआधी बेडिंगच्या स्क्रूंखाली पातळ पत्रा घालून तात्पुरता प्रयोग करून बघावा. कोरलेलं लाकूड परत येत नाही.

शत्रू दुसरा : कंपन

टेबलाच्या कडेला स्टीलची पट्टी दाबून ‘टर्रर्र’ वाजवली नाही असा विद्यार्थी नसेल. नळीही तशीच थरथरते. पण गोळी नळीत असते साधारण एक-सव्वा मिलिसेकंद. आपल्या नळीचं मूळ कंपन सेकंदाला ३८ च्या आसपास येतं, म्हणजे एका फेरीला २६ मिलिसेकंद. पहिली फेरी जेमतेम सुरू होते तोवर गोळी निघून गेलेली असते! नेमावर परिणाम करतात ती मुख्यतः वरच्या मोड्सची, वेगवान कंपनं. इंग्लंडमध्ये मॅलॉक यांनी १९०१ मध्येच रायफलच्या नळीच्या कंपनांवर शोधनिबंध लिहिला होता.

कंपन थांबवता येत नाही, पण दर वेळी तेच कंपन होईल अशी व्यवस्था करता येते. म्हणून सगळे स्क्रू दर वेळी सारख्याच टॉर्कने आवळायचे आणि काडतुसं एकाच प्रकारची वापरायची. त्या नळीला कुठलं काडतूस मानवतं ते झाडून बघूनच कळतं.

शत्रू तिसरा : उष्णता

सगळी नळी सारखी तापली तर ती फक्त थोडी लांब होते, त्याने बिघडत नाही. पण वरच्या आणि खालच्या बाजूत एका अंशाचा जरी फरक राहिला, तरी आपली नळी वाकून १०० मीटरवर सुमारे ४५ मिमीचा फरक पाडते. बारीक नळी तापतेही लवकर. उपाय एकदम फुकट : दोन-तीन गोळ्यांनंतर थांबा, नळी हाताला गार लागू द्या.

आधी मोजा, मग हत्यार उचला

खर्चाची कामं काढण्याआधी साध्या गोष्टी तपासाव्यात. दुर्बिणीचे स्क्रू सैल आहेत का? नळीत तांब्याचा थर साचलाय का? नळीच्या तोंडाची कड ठेचली आहे का? गोळीचा नळीशी शेवटचा स्पर्श तिथेच होतो, त्यामुळे छोटासा ओरखडाही महागात पडतो. आणि जुनी रायफल झाडण्याआधी जाणकार गनस्मिथकडून तपासून घेणं हे तर सगळ्यात आधी.

मग येतं स्टॅटिस्टिक्स. एखाद्या रायफलच्या गोळ्यांचा विखुरण्याचा सिग्मा १ सेंमी असेल, तर तीन गोळ्यांमधलं जास्तीत जास्त अंतर सरासरी २.४ सेंमी येतं आणि दहा गोळ्यांमधलं ३.८ सेंमी. रायफल तीच, बदललं काहीच नाही! म्हणून तीन गोळ्यांचा एक छान कागद पाकिटात घालून मिरवण्यात अर्थ नाही. शिकारी रायफलसाठी तर उत्तम चाचणी अशी : रोज गार नळीतून एकच गोळी, दहा दिवस, त्याच कागदावर. शेवटी जनावरावर सुटते ती गार नळीची पहिलीच गोळी.

दोन नियम शेवटी राहतात. एका वेळी एकच गोष्ट बदला. आणि दहावी गोळी लांब गेली म्हणून ती ‘चुकून गेली’ असं म्हणून खोडू नका. जर्नल सबमिशनच्या आदल्या रात्री ग्राफवर न बसणारं रीडिंग आपण किती सहज ‘अ‍ॅडजस्ट’ करतो, ते होस्टेलवर वेगळं सांगायला नको. लॅबमध्ये त्याने फार तर सरांची सही मिळते. पण ज्या वस्तूवर एखाद्या जिवाचं मरण सोपं की यातनेचं हे ठरतं, तिथे खोडलेलं ते दहावं रीडिंगच सगळ्यात महत्त्वाचं असतं. उद्या आपणही ब्रेक, बॉयलर आणि लिफ्ट डिझाइन करणार आहोत. तेव्हा दहाही रीडिंग्ज लिहायची सवय आत्तापासूनच लावून घेतलेली बरी.