गळकी टाकी : घरचा एक वस्तुपाठ

वर्धा शहरास लागून असलेल्या पिपरी मेघे येथील नव्या वस्त्यांत फ्लशची टाकी असलेली घरे आता पुष्कळ आहेत. पुष्कळदा अशा टाकीतून रात्रंदिवस बारीक धार वाहत असते. सवय झाल्यामुळे तिचा आवाज घरातील कोणासही ऐकू येत नाही. सहावी-सातवीच्या वर्गास या धारेवरून उत्तम पाठ देता येईल.

आरंभ मोजणीने करावा. टाकीतील जादा पाण्याची नळी बाहेर निघत असल्यास तिच्याखाली एक लिटरचे माप धरावे. ते दहा मिनिटांत भरले, असे समजू. म्हणजे तासाला ६ लिटर व दिवसाला १४४ लिटर पाणी वाया गेले. २०१९ साली सुरू झालेल्या जलजीवन मिशनने ग्रामीण भागात माणशी दररोज ५५ लिटर पाणी हे प्रमाण धरले आहे. अडीच माणसांचे पाणी एका झडपेतून जाते, हे वैशाखात हंडा वाहणाऱ्या मुलीस वेगळे सांगावे लागत नाही.

नंतर दोष शोधावा. झाकण दोन्ही हातांनी उचलून जमिनीवर सपाट ठेवावे. चिनी मातीचे झाकण एकदा फुटले की त्याच मापाचे पुन्हा मिळणे कठीण. पाणी जादा नळीच्या तोंडापर्यंत चढले असेल तर दोष आत येणाऱ्या पाण्याच्या झडपेचा. पातळी खाली असूनही पाणी झिरपत असेल तर टाकीत शाईचे थेंब टाकून पाव तास थांबावे. भांड्यात रंग उतरल्यास बुडाचे रबर पुसावे किंवा बदलावे.

आत येणाऱ्या पाण्याची झडप मात्र सावकाश दाखवावी. पाणी चढते तसा पोकळ चेंडू वर उचलला जातो, त्याचा दांडा तरफेप्रमाणे दट्ट्या दाबतो आणि दट्ट्याच्या टोकाचा वायसर पाणी अडवितो. दांड्याचा चेंडूकडील बाहू लांब असल्यामुळे थोड्या उद्धरणशक्तीने नळाचा मोठा दाब थोपविता येतो. आर्किमिडीज व तरफ हे दोन्ही पाठ येथे एकाच डब्यात सापडतात.

प्रथम नळाची चावी बंद करून टाकी रिकामी करावी. चेंडू हलवून पाहावा. आत पाणी खळखळल्यास तो बदलावा. नसल्यास पिन काढून दट्ट्या बाहेर घ्यावा. वायसरवर खाच पडली असेल तर त्याच मापाचा नवा बसवावा. जड पाण्याचा पांढरा थर लिंबाच्या रसाने निघतो. तेजाब वापरू नये. इतके करूनही पातळी वर राहिल्यास पितळी दांडा हलक्या हाताने किंचित खाली वाकवावा.

काही पालक व क्वचित शिक्षकही या टाकीत हात घालण्यास कचरतात. टाकीतील पाणी नळाचेच असते, भांड्यातील नव्हे. शिवाय हे काम अमुक जातीचे, ही समजूत वर्ध्यात तरी टिकू नये. १९३७ च्या ऑक्टोबरात नई तालीमची परिषद येथेच भरली आणि सेवाग्रामच्या विद्यार्थ्यांना सफाई हा शिक्षणाचाच भाग म्हणून करावी लागे.

शेवटी चावी हळूहळू उघडावी. पाणी जादा नळीच्या तोंडाखाली सुमारे एक इंचावर थांबले पाहिजे. दुसऱ्या सकाळी मुलांनी तेच माप पुन्हा नळीखाली धरावे व मिळालेला आकडा पहिल्या आकड्याशेजारी वहीत लिहावा.