मॅच कुठे लागणार?

ठाकूरद्वारच्या आमच्या चाळीत फुटबॉल आणला तो बाबांनी. तरुणपणी ते इथून कूपरेजपर्यंत चालत जाऊन रोव्हर्स कपचे सामने बघायचे. आता त्यांना जिना उतरवत नाही, म्हणून सामना घरात आणायचं काम माझं. ते करताना शिकले ते लिहिते.

१. संघ नव्हे, स्पर्धा शोधा. मी आधी ‘लिव्हरपूलची मॅच कुठे’ असं शोधायचे आणि हमखास फसायचे. प्रक्षेपणाचे हक्क स्पर्धेनुसार विकले जातात. २०२५-२६च्या हंगामात लिव्हरपूल प्रीमियर लीगमध्ये खेळत असेल तर स्टार स्पोर्ट्स आणि जिओहॉटस्टार, चॅम्पियन्स लीगमध्ये असेल तर सोनी. संघ एक, वर्गण्या दोन. शिवाय हे करार काही वर्षांपुरतेच असतात. ला लीगा २०१८ ते २०२१ फेसबुकवर फुकट दिसायची, मग ती चक्क गाण्यांच्या एमटीव्हीवर आली. एकदा मी चौकशी न करता एका ॲपला वर्षाचे पैसे भरले आणि पुढच्याच हंगामात स्पर्धा तिथून गेली. तेव्हापासून ऑगस्टमध्ये आधी लीगच्या स्वतःच्या संकेतस्थळावर भारतासाठी कोणाचं नाव आहे ते बघते, मगच पैसे भरते.

२. इंग्लंडची घड्याळं लक्षात ठेवा. तिथला शनिवारी दुपारी तीनचा सामना आपल्याकडे संध्याकाळी साडेसातला लागतो. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी ते घड्याळ तासभर मागे घेतात, की मार्चअखेरपर्यंत तोच साडेआठला. मैदानातली गर्दी घटू नये म्हणून इंग्लंडमध्ये शनिवारी दुपारी पावणेतीन ते सव्वापाच थेट फुटबॉल टीव्हीवर दाखवत नाहीत. म्हणजे तीनचा सामना लिव्हरपूलच्या माणसाला घरबसल्या दिसत नाही आणि आम्हाला गिरगावात दिसतो. बाबांना हे सांगितलं तेव्हा त्यांना त्या लोकांचं फार वाईट वाटलं.

३. वार नीट वाचा. आपल्या पंचांगात वार सूर्योदयाला बदलतो, ॲपमध्ये रात्री बाराला. चॅम्पियन्स लीगच्या उपांत्य सामन्याला ‘बुधवार, १२.३०’ असं लिहिलेलं होतं. आम्ही बुधवारी जेवणं आटोपून जागत बसलो, आणि सामना आदल्या रात्रीच होऊन गेला होता. बाबा दोन दिवस गप्प होते. आता मी कालनिर्णयवर मंगळवारच्या चौकोनात पेन्सिलीनं ‘आज जागायचं’ असं लिहून ठेवते.

४. दूरदर्शनला विसरू नका. १९८६चा मेक्सिकोचा विश्वचषक दूरदर्शननं थेट दाखवला. मॅराडोनाचा इंग्लंडविरुद्धचा सामना आपल्याकडे रात्री साडेअकराला सुरू झाला, तेव्हा मजल्यावरच्या एकुलत्या टीव्हीसमोर माणसं दाटीवाटीनं बसली होती आणि बाबा गॅलरीत उभे राहून खिडकीतून बघत होते. आजही सरकारनं राष्ट्रीय महत्त्वाचे ठरवलेले सामने, विश्वचषकाची अंतिम लढत त्यातच येते, हक्क घेणाऱ्या वाहिनीला २००७च्या कायद्यानं दूरदर्शनला द्यावे लागतात. पण २०१७मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ठरवलं, की असं मिळालेलं चित्र फक्त दूरदर्शनच्या अँटेनावर आणि फ्री डिशवरच दाखवायचं. म्हणून केबलवर डीडी स्पोर्ट्स लावून थांबलात तर तिथे भलतंच काही दिसू शकतं. ज्याला महिन्याची वर्गणी परवडत नाही, त्याच्यासाठी फ्री डिशची ही वाट उघडी राहिलीच पाहिजे, असं मला मनापासून वाटतं.

५. चाळीत मोबाईल आणि टीव्ही एकाच सामन्याला नकोत. मोबाईलवरचं चित्र टीव्हीच्या मागे असतं. शेजारी ओरडतात, आपल्याकडे अजून चेंडू मध्यावर. मोठ्या सामन्याला आम्ही टीव्ही दारात ओढतो आणि सगळे गॅलरीत बसतो.

१८ डिसेंबर २०२२ला तसेच बसलो होतो. अर्जेंटिना, फ्रान्स, ३-३, मग पेनल्टी. बाबांची खुर्ची बरोब्बर त्या जुन्या खिडकीखाली होती. मोंतिएलचा चेंडू जाळ्यात गेला आणि त्यांनी माझा हात धरला, उभं राहण्यासाठी.